दुपारचं वाजवणं

व्यंकोजीचं एक साधं म्हणणं होतं, की माणसाच्या घरात त्याच्या मालकीची निदान एक वस्तू अशी असावी, जिला आईनं हळदकुंकू लावू नये.

हे म्हणणं तो दर खंडेनवमीला मांडायचा आणि दर खंडेनवमीला हरायचा. जयनगरातलं त्यांचं घर नवं होतं. लाल जमीन पायाला गार लागायची, परसाच्या पलीकडे नाचणीची शेतं होती आणि रस्त्याला अजून नाव पडलं नव्हतं. पण गवीपुरातलं भाड्याचं बिऱ्हाड सोडून येताना त्याच्या आईनं, सकवारबाईंनी, देवांबरोबर एक गंजकी तलवारही गुंडाळून आणली होती. शहाजीराजांबरोबर बंगळुरात आलेल्या कुणा पूर्वजाची ती, असं घरात सांगत. व्यंकोजीच्या मते ती एखाद्या नाटक कंपनीची असावी. हे मत तो आईसमोर मांडत नसे.

नवमीला तलवार पाटावर यायची. तिच्या शेजारी सकवारबाईंचा अडकित्ता, बायकोची, कावेरीची, शिवणाची कात्री, व्यंकोजीची ड्रॉइंगची पेटी आणि सगळ्यांत शेवटी, भिंतीला टेकवून, गिटार. ज्यानं माणूस काम करतो त्याला वर्षातून एक दिवस विश्रांती द्यायची, पूजा करायची, हात लावायचा नाही, अशी रीत. दसऱ्याला सकाळी ज्याची वस्तू त्यानं ती उचलायची आणि थोडीशी चालवून पाहायची. सकवारबाई तलवार उचलून हवेत एकदा फिरवत, अडकित्त्यानं सुपारी फोडत. कावेरी चिंधीचा एक तुकडा कापायची. व्यंकोजी पेन्सिलीची एक रेघ ओढायचा आणि मग कुंकवानं माखलेली गिटार घेऊन बडबडत पुसत बसायचा.

एकसष्ट सालच्या दसऱ्याला कुंकू गिटारच्या पोटावरच्या बारीक भेगेतून आत मुरलं होतं. ओल्या फडक्यानं निघेना, तेलानं निघेना.

गिटारची गोष्ट थोडक्यात अशी. लढाईच्या काळात व्यंकोजी विमानांच्या कारखान्यात शिकाऊ ड्राफ्ट्समन म्हणून लागला, तेव्हा तिथं अमेरिकन मेकॅनिक होते. त्यांतला एक जेवणाच्या सुट्टीत उपड्या खोक्यावर बसून गिटार वाजवायचा. बाटलीची मान कापून, घासून केलेली काचेची नळी त्यानं करंगळीत अंगठीसारखी चढवलेली असायची आणि ती तारांवरून सरकली की तार माणसासारखी कण्हायची. याला ब्लूज म्हणतात, असं त्यानं सांगितलं. एक ओळ म्हणायची. तीच पुन्हा म्हणायची, कारण पहिल्यांदा कुणी ऐकलेलीच नसते. मग तिसऱ्या ओळीत आपणच आपल्याला उत्तर द्यायचं. एका खोलीत सात माणसांत वाढलेल्या व्यंकोजीला हे समजावून सांगावं लागलं नाही. तो माणूस मायदेशी गेला तेव्हा काचेची नळी आणि काही तबकड्या व्यंकोजीकडे ठेवून गेला. गिटार त्यानं नंतर कँटोन्मेंटातल्या लिलावात घेतली. त्याच सुमारास वर्कशॉपातल्या लोखंड आवळून धरायच्या शेगड्यात सापडून त्याच्या डाव्या हाताची अनामिका चेंगरली. ती बरी झाली, पण वाकडी राहिली. त्या बोटानं तिसरी तार दाबली की ती नेमकी एका जागी झणझणायची. इतकी वर्षं झाली, ती झणझण काही गेली नाही.

ब्लूज गेला नाही तो नाहीच. लग्न झालं, पगार वाढला, घर झालं, केस विरळ झाले, तरी फॅक्टरीची बस संध्याकाळी सोडून गेली की बूट काढायच्या आधी व्यंकोजीचा हात खुंटीकडे जायचा. आणि त्याचा हात खुंटीकडे गेला की कावेरी उठून परसात जायची.

ती चिडून गेली असती तर त्याला चाललं असतं. भांडता आलं असतं. पण कावेरी सहज उठायची, जसं दूध उतू जाईल म्हणून कुणी उठतं तसं. तिला गाणं कळत नव्हतं असंही नव्हे. दर शनिवारी गवीच्या देवळात ती भजनं म्हणायची आणि लोक डोळे मिटून ऐकायचे. तिनं एकदा, फक्त एकदा, समोर बसून शेवटपर्यंत ऐकावं, एवढीच व्यंकोजीची इच्छा होती. ही इच्छा त्यानं तिला कधी सांगितली नाही. सांगून बसवलेल्या माणसाचं ऐकणं त्याला नको होतं. त्यामुळे तो नुसता धुसफुसत राहायचा आणि ती परसात जात राहायची.

तर दसऱ्याची सकाळ. सकवारबाईंनी तलवार फिरवली, कावेरीनं चिंधी कापली.

"व्यंका, उचल आता," सकवारबाई म्हणाल्या.

"बघा हे," व्यंकोजी गिटारकडे बोट दाखवून म्हणाला. "आत गेलंय कुंकू. लाकडाला काय होतं माहितीय का?"

"काय होत नाही. उचल आणि स्वल्प वाजव. जाग आणायची असती तिला."

"मी नाही उचलणार. आधी पुसून द्या."

"ठेवली तू. दुसऱ्यानं कसं उचलायचं?"

"मग राहू दे तिथंच. ज्याला हौस असेल त्यानं उचलावी आणि वाजवत बसावं. मला सांगू नका."

कावेरी कात्री पुसत होती, तिनं मान वर केली नाही. सकवारबाईंनी देवीकडे एकदा पाहिलं आणि त्या गप्प झाल्या. आई गप्प झाल्याचं व्यंकोजीला समाधान वाटलं. त्यानं बन्नीची, म्हणजे शमीची, पानं खिशात कोंबली आणि तो कॉक्सटाउनात ऑब्रीकडे सोनं द्यायला निघून गेला. ऑब्री रोझारिओ हा त्याच्याच खात्यातला, हौशी ड्रमवाला, आणि सगळ्या बंगळुरात ब्लूज म्हणजे काय हे न विचारणारा एकच माणूस.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा गिटार खुंटीवर होती. काचेची नळी खालच्या फळीवर, नेहमीच्या वाटीत.

"कुणी उचलली?"

"तूच की," सकवारबाई वाती वळता वळता म्हणाल्या.

टोमण्याला उत्तर द्यायचं नाही, हे व्यंकोजी फार लहानपणी शिकला होता. तो हात धुवायला गेला.

*

शेजारी देवाप्पा म्हणून रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. दुपारी जेवून ते आपल्या दारातल्या कट्ट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसायचे. व्यंकोजीच्या वाजवण्याबद्दल ते आजवर काही बोलले नव्हते, पण तो वाजवायला लागला की त्यांच्या खिडक्या एकेक करून लागायच्या. दसऱ्यानंतरच्या एका सकाळी बसकडे धावणाऱ्या व्यंकोजीला त्यांनी कुंपणापाशी थांबवलं.

"व्यंकण्णा, काल दुपारचं फार बरं झालं हो."

"कसलं?"

"तुमचं वाजवणं. मला त्यातलं कळत नाही, पण पेपर बाजूला ठेवला मी."

"काल दुपारी मी कामावर होतो," व्यंकोजी म्हणाला. "रेडिओ असेल कुणाचा."

देवाप्पा हसले. "सरी, सरी. बरं, रेडिओ तर रेडिओ."

बस चुकली. व्यंकोजी दुसऱ्या बसच्या दांड्याला लटकत, उभ्यानं, के. आर. मार्केटपर्यंत चरफडत गेला. आजवर नुसत्या खिडक्या लावून घेणाऱ्या माणसानं पहिल्यांदा कौतुक केलं ते कुणाच्या तरी रेडिओचं. यालाच नशीब म्हणायचं असेल तर ते आपल्याला नको, असं त्याला वाटलं.

पण देवाप्पांचं कौतुक थांबेना. आज जरा हळू होतं. परवाचं शेवटी असं काही झालं की अंगावर काटा आला. व्यंकोजीनं दरवेळी सांगितलं की तो मी नव्हे, आणि दरवेळी देवाप्पा सरी म्हणाले. खोटं बोलणाऱ्या भल्या माणसाला जसं सांभाळून घ्यावं, तसं ते त्याला सांभाळून घ्यायला लागले.

आणि मग एका संध्याकाळी कावेरी तांदूळ निवडताना काहीतरी गुणगुणत होती.

व्यंकोजी एका पायातला बूट काढून तसाच थांबला. ती एक ओळ होती. तीच पुन्हा. आणि मग तिसरी, उत्तराची. पहिल्या दोन त्याच्याच होत्या. कैक वर्षांपूर्वी त्यानं जुळवलेल्या, रोज संध्याकाळी वाजवलेल्या. तिसरी त्याला कधी सापडलीच नव्हती. दरवेळी तो तिथपर्यंत यायचा आणि काहीतरी ठोकून द्यायचा. कावेरी ती तिसरी ओळ तांदळातले खडे बाजूला करता करता म्हणत होती, आणि ती बरोबर होती. इतकी बरोबर, की ती आपल्याला का सुचली नाही याचा त्याला राग आला.

"हे कुठं ऐकलंस?"

"तुमचंच की. दुपारचं."

"दुपारी मी फॅक्टरीत असतो, कावेरी."

तिनं सुपातून मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यानं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात कधीतरी पाहिलं असेल.

"तुम्हाला नसेल सांगायचं तर राहू दे," ती म्हणाली. "आईंना मी काही बोलले नाही, त्या दुपारी पुराणाला गेलेल्या असतात. अर्धी रजा टाकून येता, ते नसेल त्यांना आवडणार. पण मला आवडतं ते. मी आधी कधी नीट ऐकलंच नव्हतं."

व्यंकोजी दुसरा बूट काढायचं विसरला. एवढी वर्षं ज्या वाक्यासाठी तो ताटकळला होता ते शेवटी घरात बोललं गेलं होतं, आणि ते त्याच्यासाठी नव्हतं. आता ओरडावं की रडावं हे त्याला ठरवता येईना, म्हणून त्यानं गिटार काढली.

बोटं तारांवर नीट बसेनात. काचेची नळी करंगळीत सैल वाटली. डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांना वर्षानुवर्षं पडलेले घट्टे होते, तारेखाली जिथं कातडं सागवानासारखं व्हायचं, तिथं आता तारा रुतत होत्या. त्यानं बोटं दिव्याखाली धरली. कातडं पातळ, गुलाबी झालं होतं, जावळ काढलेल्या पोराच्या टाळूसारखं. थंडीनं असेल. फॅक्टरीत नवीन साबण आला होता, त्यानं असेल.

त्यानं पहिली ओळ वाजवली. कावेरी उठली आणि परसात गेली.

*

नोव्हेंबर संपत आला. बंगळुरातला तो मधला काळ, सकाळी धुकं आणि दुपारी पांढरं स्वच्छ ऊन. व्यंकोजीनं एक दिवस खरंच अर्धी रजा टाकली.

त्याच्या मनात काय होतं ते त्यानं स्वतःला बजावलं होतं. घरात कुणीतरी येतं. ऑब्री सांगत होता, ब्रिगेड रोडच्या हॉटेलात एक गोव्याचा पोऱ्या आलाय, फार चांगलं वाजवतो. येत असेल कुठून तरी. त्याला पकडायचं, चार शब्द सुनवायचे आणि तिसरी ओळ कशी वाजवतो ते विचारून घ्यायचं. यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

बसमधून उतरून तो कोपऱ्यावर वळला आणि थांबला.

ऐकू येत होतं.

गिटार त्याचीच, त्यात शंका नव्हती. त्या लाकडाचा किंचित घोगरा आवाज त्यानं गर्दीतही ओळखला असता. पण ती अशी वाजताना त्यानं कधी ऐकली नव्हती. पहिली ओळ आली, घाई न करता. रस्त्यावर कुणी नव्हतं. एक कुत्रं उन्हात झोपलं होतं, त्याचा कान हलला. तीच ओळ पुन्हा आली, आणि या खेपेला त्यात काहीतरी जास्त होतं, एकदा सांगून झाल्यावर माणसाचा आवाज जसा बदलतो तसं. मग काच तारेवर चढली, जिथं पोचायची तिथं पोचली, किंचित कमी राहून थांबली, आणि उत्तर आलं.

इतकं चांगलं कुणी वाजवू नये, निदान माझ्या घरात नको, असं व्यंकोजीला वाटलं.

देवाप्पा कट्ट्यावर डोळे मिटून बसले होते. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी डोळे न उघडताच एक बोट वर केलं. गप्प राहा.

तो फाटकाशी आला तेव्हा दुसरा फेरा सुरू झाला होता. पहिल्या ओळीच्या मध्यावर तिसरी तार झणझणली.

बारीकशी. एकाच जागी. पुढच्या वेळी तिथंच पुन्हा.

व्यंकोजीनं फाटकाचा गज घट्ट धरला. गोव्याचा पोऱ्या गेला. रेडिओ गेला. चांगल्या वाजवणाऱ्याची तार तिथं झणझणत नाही. तिथं झणझणते ती फक्त शेगड्यात चेंगरलेल्या बोटाखाली.

तो भिंतीच्या कडेनं खिडकीपाशी गेला. कावेरी जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून, पाय जवळ घेऊन. तिचे गाल ओले होते आणि ती पुसत नव्हती. ती ज्या खुर्चीकडे बघत होती ती कपाटाच्या आड होती. खिडकीतून दिसत होता फक्त एक पाय. डाव्या पायाची टाच लाल जमिनीवर ताल धरत होती. मोजा तपकिरी, आणि टाचेशी निळ्या दोऱ्यानं रफू केलेला. तपकिरी दोरा संपला होता म्हणून कावेरीनं आज सकाळीच तो निळ्यानं रफू करून दिला होता, आणि व्यंकोजी त्यावरून तिच्यावर डाफरला होता.

त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं नाही. बूट होते. बूट होते म्हणून बरं.

तो दाराशी गेला आणि त्यानं कडी वाजवली.

गिटार थांबली. बऱ्याच वेळानं कावेरीनं दार उघडलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मागं वळून घरात पाहिलं, पुन्हा त्याच्याकडे.

"तुम्ही बाहेर कधी गेलात?"

तो तिला बाजूला सारून आत गेला. खुर्ची रिकामी होती. गिटार खुंटीवर होती, भेगेत कुंकू, आणि सगळ्यांत जाडी तार अजून थरथरत होती. तिपाईवर कॉफीचे दोन पेले. एक भरलेला, निवलेला. दुसरा रिकामा.

"तो मी नव्हतो," व्यंकोजी म्हणाला.

कावेरीनं तिपाईवरचा रिकामा पेला उचलला.

"ऐक. मी आत्ता बसमधून उतरलो. देवाप्पांना विचार."

"मग इतके दिवस मी कुणासमोर बसले?" तिनं विचारलं, अगदी हळू.

याचं उत्तर देण्याऐवजी व्यंकोजीनं गिटार काढली. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं आणि तरी थांबता येत नव्हतं. तो त्याच खुर्चीवर बसला. खुर्ची उबदार होती. "बस," तो म्हणाला. "आता ऐक."

ती बसली. सांगून बसवलेली, समोर.

त्यानं बोटं ठेवली. कुठं ठेवायची ते त्याला आठवेना. पहिली ओळ, त्याची स्वतःची, रोजची, कुठून सुरू होते ते आठवेना. नळी तारेवर घसरली आणि ताटलीवर चमचा ओढावा तसा आवाज आला. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा तोच.

कावेरी उठली आणि परसात गेली.

*

त्यानंतर तो रोज कामावर जात राहिला, कारण दुसरं काय करायचं असतं. गिटारला त्यानं हात लावला नाही. कावेरी त्याच्याशी पूर्वीपेक्षा जास्त चांगलं वागायला लागली. ताट वाढताना "आणखी स्वल्प भात घ्या की" म्हणायची, घाई नाही ना विचारायची. त्या नम्रपणानं त्याचं डोकं फिरायचं. एकदा त्यानं मुद्दाम आमटीला नावं ठेवली, म्हणजे ती तरी भांडेल. तिनं माफी मागितली.

त्यानं शेवटी आईला विचारलं. भर उजेडात, अंगणात, त्या पापड उन्हात घालत असताना.

"दसऱ्याला गिटार उचलली कुणी, ते खरं सांग."

"ज्याची त्यानं," सकवारबाई म्हणाल्या. मग हातातला पापड ठेवून त्यांनी कपाळावर हात धरला, ऊन आडवून त्याच्याकडे बघितलं आणि मायेनं विचारलं, "तुमच्या घरी कोण कोण असतं, बाळ?"

त्यांचं वय झालं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू होता. व्यंकोजीनं ही दोन्ही कारणं मनात घट्ट धरली आणि तो खुंटीकडे गेला.

गिटार घरात नकोच. बस झालं. तिला कॉक्सटाउनात टाकून यायची, ऑब्रीकडे, आणि पुन्हा या भानगडीत पडायचं नाही. निम्मं आयुष्य गेलं या लाकडापायी. एवढ्यात त्याची सतार शिकून झाली असती, बागेत गुलाब आले असते, माणसांत बसून चार गोष्टी केल्या असत्या. त्यानं गिटार जुन्या चादरीत गुंडाळली, काचेची नळी खिशात टाकली. निघताना काहीतरी अवघड सोडून चाललोय असं वाटून त्याला रडू आलं, आणि रडू आलं याचाच संताप आला.

रविवार होता. ऑब्री व्हरांड्यात बनियनवर बसून ड्रमचं कातडं ताणत होता. व्यंकोजीनं गिटार बाकावर ठेवली.

"ही तुझ्याकडे राहू दे."

ऑब्रीनं चादर बाजूला केली. तो नेहमीसारखा इंग्रजीत बोलला, पण नेहमीसारखं नाही. जरा जपून, शब्द निवडून. "ही तर व्यंकीची. त्याला बरं नाही का?"

"ऑब्री, चेष्टा पुरे."

"नाताळला क्लबात वाजवणार आहे ना तो? परवाच आला होता, काय वाजवलं म्हणून सांगू. इतकी वर्षं ओळखतो मी त्याला, माझा विश्वास बसेना." ऑब्री त्याच्याकडे निरखून पाहू लागला. "तुम्ही त्याचे भाऊ का? चेहरेपट्टीत थोडं साम्य आहे."

व्यंकोजी पायऱ्या उतरला. रस्त्यात येईपर्यंत त्यानं मागं पाहिलं नाही. ऑब्री दिवसाढवळ्या पितो हे त्याला आजवर माहीत नव्हतं, असं तो स्वतःला सांगत राहिला.

बसला गर्दी नव्हती. कंडक्टरनं त्याला कानडीत विचारलं, गावात नवीन का. तो जन्मापासून इथलाच असल्याचं व्यंकोजीनं कानडीतच सांगितलं, आणि सांगताना शब्द आठवायला त्याला जरा वेळ लागला.

जयनगरात उतरला तेव्हा दुपार कलायला लागली होती. कुत्रं त्याच जागी झोपलं होतं. या खेपेला त्यानं कान हलवला नाही, उठून त्याच्यावर भुंकलं.

कोपऱ्यावर वळायच्या आधीच त्याला ऐकू आलं.

पहिली ओळ. तीच पुन्हा.

त्यानं खिशात हात घातला. काचेची नळी नव्हती.

त्यानं कडी वाजवली. आत वाजवणं थांबलं नाही. कावेरीनं दार उघडलं, अर्धंच. आधी तिच्या चेहऱ्यावर ऐकण्याचं सुख होतं, मग ते बाजूला ठेवून तिनं दारात आलेल्या माणसाकडे लक्ष दिलं.

"कोण हवंय?"

"कावेरी," तो म्हणाला.

परक्यानं नावानं हाक मारली म्हणून तिनं पदर सारखा केला. पण ती रागावली नाही. घरात इतकं चांगलं चाललेलं असताना रागावणार कशी.

"ते वाजवतायत," ती हळूच म्हणाली. "मधे थांबवलेलं बरं दिसत नाही. स्वल्प बसता का बाहेर? कॉफी आणते."

दार अलगद लागलं. कुणी वाजवत असताना कुणाला थांबवू नये, हे या घरात यापूर्वी कुणाच्या मनात आलं नव्हतं. व्यंकोजीला दार फोडावंसं वाटलं. पण त्या मिनिटाला आत काच तारेवर चढत होती, आणि आता मध्येच आवाज केला असता तर उत्तर चुकलं असतं.

तो पायरीवर बसला. कावेरीनं कॉफी आणून दिली, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या काचेच्या ग्लासात, आणि ती लगबगीनं आत गेली. खिडकीतून दिसलं, ती भिंतीला टेकून आपल्या जागी बसली. शेजारी सकवारबाईही येऊन बसल्या होत्या, डोळे मिटून. पलीकडच्या कट्ट्यावरून देवाप्पांनी या नव्या माणसाकडे पाहून मान हलवली, आणि ओठांवर बोट ठेवलं.

व्यंकोजी ऐकत राहिला. आपली टाच ताल धरेल म्हणून त्यानं वाट पाहिली. ती जमिनीवर नुसती टेकलेली होती. वाजवणं चांगलं आहे एवढं त्याला कळत होतं. कसलं आहे, ते कळत नव्हतं.

आत तिसरी तार बारीकशी झणझणली. कुणीतरी, बहुधा कावेरीनंच, हळूच वा म्हटलं.

त्यानं कॉफीचा ग्लास खाली ठेवला आणि डावा हात उन्हात धरून पाहिला. अनामिका सरळ होती.